मात्सूआई सात वेळा हसली

तुआकांग बंदरातल्या देवळाच्या कमिटीत अकरा माणसं, आणि अकराच्या अकरा चित्रकार. तसं विचारलं तर कुणी स्वतःला मच्छीमार म्हणवेल, कुणी बर्फवाला, कुणी निवृत्त मास्तर. पण रोज पहाटे पाचला उठून मोबाइलवर एक कमळ, कमळावर उगवता सूर्य आणि सूर्यावर जांभळ्या ठसठशीत अक्षरांत ‘सुप्रभात, गरम पाणी प्या’ असं लिहून जो माणूस गटावर टाकतो, तो स्वतःला चित्रकार समजणारच. त्याला कोण अडवणार? त्यामुळे पोलियन मावशीच्या गाण्याचं चित्र करायचं काम होंग पेइशानकडे आलं, तेव्हा तिला मदत करायला अकरा जण बाह्या सरसावून बसले होते. हे आधी कळतं तर तिने पहिल्याच दिवशी कोपरापासून हात जोडले असते.

पोलियन मावशी बहात्तर वर्षांची. चाळीस वर्षं ती लग्नांत गायली, मयतीत गायली, कठपुतळीच्या खेळाआधी गर्दी जमवायला गायली, आणि सगळी गाणी दुसऱ्यांची. आता दातांची कवळी बसल्यावर तिने स्वतःचं एक गाणं रचलं होतं. ते नवव्या महिन्यातल्या, दर्यावर्द्यांना सांभाळणाऱ्या मात्सूआईच्या जत्रेत म्हटलं जाणार होतं. रंगमंचामागे वीस फुटी पडदा, भिंतींवर पोस्टर आणि भक्तांना वाटायला दोन हजार टॉवेल, या सगळ्यावर एकच चित्र छापायचं ठरलं होतं. गाणं बघितल्यासारखं वाटलं पाहिजे, एवढीच मावशीची अट होती.

पेइशानचं नाव सुचवलं ते तिच्या वडिलांनी. ते देवळातच असायचे. उदबत्त्यांची राख काढायची, दिवे पुसायचे आणि कौल घ्यायला येणाऱ्यांचे ठोकळे उचलून द्यायचे, हे त्यांचं बिनपगारी काम. कमिटीच्या बैठकीत ते कधी तोंड उघडत नसत. त्या दिवशी उघडलं. “माझी लेक तैपेईला मोठ्या कंपनीत डिझायनर आहे,” ते म्हणाले. “सध्या घरूनच काम करते. तिला वेळ नसतो. पण विचारून बघतो.”

वेळ नसतो. आता काय सांगावं? पेइशानकडे वेळच वेळ होता. अकरा वर्षं तिने तैपेईत एका दुकानसाखळीसाठी पत्रकं बनवली होती, कोबी स्वस्त, टिश्यू पेपर एकावर एक, आणि यंदाच्या चौथ्या महिन्यात कंपनीने तो विभागच गुंडाळला. तिने खोली सोडली, खोकी मैत्रिणीच्या माडीवर टाकली आणि बॅग घेऊन घरी आली. आल्या आल्या बाबांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर विचारलं, “सुट्टी मिळाली होय?” आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “सुट्टी नाही, घरून काम करायची परवानगी मिळालीय.” शेजारच्या बाईने वा वा केलं. तिथेच ती अडकली.

तेव्हापासून रोज सकाळी नऊला ती माडीवर जाऊन बसायची आणि झाकण उघडून, बंदच ठेवलेल्या लॅपटॉपशी बोलायची. “हो, हो, बघते. मंगळवारपर्यंत पाठवते.” खाली बाबा शेजाऱ्याला करवतयंत्र बंद करायला लावायचे. तिची कंपनी ऐकते म्हणून. दहा वाजता ते पेरू कापून, वर सुक्या आलुबुखाराची पूड भुरभुरवून वर घेऊन यायचे, आणि साहेबाला दिसू नये म्हणून गुडघ्यांच्या दुखण्यासकट पार वाकून, टेबलाच्या खालून हात वर करून ताटली सरकवायचे. अडुसष्ट वर्षांचा माणूस. पेइशानला स्वतःची इतकी लाज वाटायची की पेरू तसाच पडून राहायचा. रोज ठरवायची, आज सांगू. आणि रोज बाबा वाकलेलेच जिना उतरून जायचे.

म्हणून गाण्याचं काम आलं तेव्हा तिला हायसं वाटलं. निदान माडीवर बसून खरं काही तरी करता येणार होतं. तिने गाणं तीस वेळा ऐकलं, चाळीस वेळा ऐकलं. पहिल्या कडव्यात एक बाई धक्क्यावर दिवा लावून बसलेली असते. मग मावशी थांबते. इतका वेळ थांबते की नव्याने ऐकणाऱ्याला वाटतं वीज गेली. मग दुसरं कडवं. होडी परत आलेली असते, पण जाळं रिकामं, म्हणून नवरा घरी न जाता बंदरावरच्या शेवयांच्या गाडीवर बसतो आणि दुसरा वाडगा मागवतो. बस, एवढंच. चाल अशी की ऐकता ऐकता हात आपोआप पेन्सिलीकडे जावा.

चार दिवसांत तिने चित्र केलं. सगळा कागद गडद निळा. सुरांच्या चढउतारांप्रमाणे डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या बारीक पांढऱ्या रेषा, त्याच लाटा. आणि वर कोपऱ्यात दिव्याचा एक पिवळा ठिपका. तिला ते आवडलं. कोबीनंतर पहिल्यांदाच तिला स्वतःचं काही तरी आवडलं होतं.

तिने चित्र कमिटीपुढे ठेवलं. अध्यक्ष वानफू काका, ज्यांचं टूना माशांचं शीतगृह आहे आणि ज्यांचा आवाज त्या शीतगृहाच्या पंख्यांवर मात करून करून कायमचा मोठा झालाय, त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली.

“छान आहे हो,” ते म्हणाले. “रंगवायला कधी घेणार?”

“हेच चित्र आहे, काका.”

“हे? यात आई कुठे?”

“आई दिसत नाही. तिचा दिवा दिसतो.”

“पोरी, जत्रा कुणाची? दिव्याची?” वानफू काका म्हणाले. “वीस फुटी पडद्यावर एक ठिपका. लोक म्हणतील कापडाला भोक पडलंय.”

मग सुरू झालं. एकाला आई हवी होती, गाभाऱ्यात तिच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या सेवकांसह. एकाला देवळाचं नवीन पार्किंग हवं होतं, कारण वर्गणी पार्किंगच्या नावावर जमली होती. वानफू काकांना टूना हवा होता. बंदराचं नाव टूनावर चालतं, गाण्यात समुद्र आहे आणि समुद्रात टूना असतोच, अशी त्यांची सरळ मांडणी होती. निवृत्त मास्तर शी गुरुजी, जे गटावरच्या सुप्रभातांमधली सुद्धा शुद्धलेखनाची चूक काढायचे, त्यांना गाण्याचे सगळे शब्द चित्रावर हवे होते. “सुवाच्य,” ते म्हणाले. “वळणदार नको. सुवाच्य.”

पेइशान पडली भिडस्त. अकरा वर्षं गिऱ्हाईक म्हणेल ते केलेली. तिने आई घातली, पार्किंग घातलं, शब्द घातले. पाचव्या खेपेला टूना घातला. सहाव्या खेपेला टूना मोठा केला. सातव्या खेपेला वानफू काकांनी गटावर खुणा करून पाठवलं की टूना हसरा करता येईल का. तिने हसरा केला. आता चित्रात आई टूनावर स्वार झाल्यासारखी दिसत होती, मागे एकशे चाळीस गाड्या उभ्या, आणि या सगळ्यावर जांभळ्या अक्षरांत बाईचा विरह. कमिटी बेहद्द खूश झाली.

ते चित्र घेऊन ती पोलियन मावशीकडे गेली. मावशी दारात बसून शेंगा सोलत होती. तिने चष्मा लावून चित्र बघितलं, चष्मा काढून बघितलं.

“मासा गोड आहे,” मावशी म्हणाली.

“मावशी, मला लाज वाटतेय. हे कमिटीचं आहे. माझं पहिलं वेगळं होतं.” तिने मोबाइलवर निळं चित्र दाखवलं.

मावशीने ते मात्र लगेच डोळ्यांजवळ नेलं. “हे बरंय. पण हे माझं अर्धंच गाणं आहे. दिवा लावून बसलेली बाई काढलीस. दुसरं कडवं कुठे गेलं?”

“दुसऱ्या कडव्यात तो नुसता शेवया खातो, मावशी. ते काय काढायचं?”

“नुसता खातो?” मावशीने शेंगेचं टरफल तिच्या पायावर मारलं. “अगं, गाणं त्याचंच आहे. दिवा लावून बसायला काय लागतं? काड्यापेटी. पण रिकाम्या हाताने दारात जाऊन उभं राहायचं, म्हणजे पोटात काय काय होतं ते त्याला विचार. तू ते कडवं ऐकलंच नाहीस. कान झाकून बसलीस.”

पेइशान घरी आली ती मान खाली घालून. मावशीला काही माहीत असणं शक्य नव्हतं, पण घाव नेमका बसला होता. खरंच, दुसरं कडवं लागलं की ती पाणी प्यायला उठायची. त्या दिवशी ती उठली नाही. दारं लावून तिने ते कडवं पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि मधेच तिला रडू आलं, आणि रडता रडताच तिने काढायला घेतलं.

नव्या चित्रात निळा रंग तसाच राहिला, लाटाही राहिल्या. पण त्या अर्ध्यात थांबत होत्या, जिथे मावशी थांबते तिथे, आणि तिथे कागद कोरा सोडलेला होता. कोऱ्याच्या अलीकडे दिवा. पलीकडे, अगदी खाली, शेवयांच्या गाडीवर बसलेला एक पाठमोरा माणूस. खांदे पडलेले, वाडग्यावर वाफ. तो दिव्याकडे बघत नाही. पण दिव्याचा पिवळा त्याच्या मानेवर पडलाय. एवढंच.

मावशीने ते बघितलं आणि तिला मूठभर सोललेल्या शेंगा दिल्या. पेइशानने तेच शिफारसपत्र मानलं.

कमिटीत मात्र हलकल्लोळ झाला. आईच्या जत्रेच्या वीस फुटी पडद्यावर शेवया खाणारा माणूस, तोही पाठ करून. “आईकडे पाठ?” वानफू काका ओरडले. “आणि आमचा टूना कुठे गेला?” शी गुरुजींचा आक्षेप वेगळा होता. मधला कोरा भाग बघून लोक म्हणतील छापखान्याची शाई संपली. पण पेइशान यावेळी नमली नाही. “छापायचं असेल तर हेच छापा,” ती म्हणाली. “नाहीतर टूना छापा आणि माझं नाव काढून टाका.” तिचा आवाज ऐकून तिचे बाबासुद्धा राखेच्या डब्यातून वर बघायला लागले.

आता अशा वेळी तुआकांगमध्ये काय करतात, ते ठरलेलं आहे. आईला विचारतात. कौल लावायचा. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाल लाकडी ठोकळे, एक बाजू सपाट, एक फुगीर. खाली टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे तर नकार. दोन्ही उताणे पडून डुलायला लागले तर आई हसतेय, म्हणजे तुमचं बोलणं तिला समजलेलं नाही, नीट विचारा. सलग तीन होकार आले की विषय संपला, मग अध्यक्षालाही पुढे बोलता येत नाही. ज्याचं काम, त्यानेच विचारायचं. आधी आपलं नाव, जन्मतिथी आणि राहता पत्ता सांगायचा, कारण आईकडे लोक थोडे येतात का? कोण विचारतंय ते तिला कळायला नको?

पेइशान गुडघ्यांवर बसली. अकरा जण मागे उभे. मावशी खांबाला टेकून. बाबा ठोकळे उचलायला शेजारी. तिने मनातल्या मनात नाव, तिथी, पत्ता सांगितला, विचारलं आणि ठोकळे टाकले.

दोन्ही उताणे. डुलत राहिले.

“आईला चित्र विनोदी वाटलं,” वानफू काका म्हणाले.

“हसणं म्हणजे प्रश्न संदिग्ध आहे,” शी गुरुजी म्हणाले. त्यांनी खिशातून कागद काढून प्रश्न लिहून दिला, दोन ओळींचा, स्वल्पविरामासकट. पेइशानने तो वाचला आणि ठोकळे टाकले. आई हसली. गुरुजींनी स्वल्पविराम काढला. आई हसली. कुणीतरी म्हणालं, चित्र उलटं धरलंय, आईला तिथून कसं दिसणार? मग दोघांनी चित्र गाभाऱ्यासमोर फळ्यासारखं उभं धरलं. आई चौथ्यांदा हसली.

मागे कुजबूज सुरू झाली. चार वेळा सलग म्हणजे जरा जास्तच. बाबांनी ठोकळे उचलून हातात धरले. कौल हे त्यांचं क्षेत्र होतं.

“पत्ता सांगितलास?”

“सांगितला.”

“कुठला?”

“तैपेईचा. मी राहते तो.”

“मोठ्याने सांग. पुटपुटू नको.”

तिने मोठ्याने सांगितला. तैपेई, अमुक रस्ता, अमुक गल्ली. ठोकळे टाकले. पाचव्यांदा हसू. “मजला सांग,” बाबा म्हणाले. “तिथे उंच इमारती असतात.” तिने चौथा मजला सांगितला. सहाव्यांदा. गुरुजींनी पिनकोड सांगायला लावला. सातव्यांदा.

“तैपेई लांब पडतं आईला,” वानफू काका म्हणाले. “तिथल्या देवळात फोन लावू का? माझ्या मेहुण्याची ओळख आहे.”

“लांब कसलं?” पोलियन मावशी म्हणाली. “आई तिथे जाऊन येतेय आणि दाराला कुलूप बघून हसतेय.”

मावशी आपली गमतीत बोलली. लोकही हसले. पेइशान मात्र हसली नाही. तिने वर बघितलं. काळ्या चेहऱ्याची मात्सूआई, शतकभराच्या धुराने काळी झालेली, डोळे अर्धे मिटून बसली होती आणि तिला काही घाई नव्हती.

घाई वानफू काकांना होती. “सात झाले. आईची इच्छा नाही, दुसरं काय? मी म्हणतो टूनावालं चित्र आजच छापखान्यात...”

“थांबा काका,” पेइशान म्हणाली.

तिला गप्प बसता आलं असतं. टूना छापला गेला असता, जत्रा झाली असती आणि उद्या दहाला पेरू आला असता. सगळं होतं तसं चाललं असतं. आणि तो माणूस कायमचा त्या गाडीवर बसून राहिला असता. हे तिला सहन होईना. तिने मान वळवून बाबांकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर शब्द फुटला नसता.

“तो पत्ता खोटा आहे,” ती म्हणाली. “ती खोली मी चौथ्या महिन्यातच सोडली. कंपनीने आमचा विभाग बंद केला. मला नोकरी नाही. घरून काम वगैरे काही नाही. मी रोज बंद लॅपटॉपशी बोलते. बाबांना मी खोटं सांगितलं, आणि बाबांनी ते तुम्हा सगळ्यांना खरं म्हणून सांगितलं. त्यांची काही चूक नाही.”

वानफू काकांचं तोंड उघडंच राहिलं आणि त्यातून आवाज येत नव्हता, असं तुआकांगने पहिल्यांदाच बघितलं. बाबांची पावलं तिच्या नजरेच्या कडेला होती. ती हलली नाहीत.

पेइशानने ठोकळे मागायला हात पुढे केला. बऱ्याच वेळाने ते तिच्या हातात आले. तिने ते कपाळाला लावले आणि पुन्हा सुरुवात केली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “आई, मी होंग पेइशान. जन्म सातव्या महिन्यातल्या अकराव्या तिथीचा. पत्ता, तुआकांग, देवळामागची गल्ली, घर नंबर सत्तावीस.”

“नाही,” बाबा म्हणाले.

तिचा हात हवेतच राहिला. आजूबाजूच्यांनी माना खाली घातल्या. चार महिने या माणसाला तिने वाकायला लावलं होतं, सगळ्या गावासमोर तोंडघशी पाडलं होतं, आता तो म्हणाला असता की माझ्या घराचा पत्ता सांगू नकोस, तर तिला वाईट वाटून घ्यायचासुद्धा हक्क नव्हता.

बाबा कुरकुरत्या गुडघ्यांवर तिच्या शेजारी बसले. पुढे सरकून आईला सांगावं तसं, पण तिच्याकडे बघून म्हणाले, “सत्तावीस नाही. मधल्या जागेवर गॅरेज झालं तेव्हा सगळे नंबर बदलले. सत्तावीस आता गॅरेजचा आहे. आपला सत्तावीस बाय दोन. नीट सांग, नाहीतर आई तिकडे टायर मोजत बसेल.”

पेइशानला हसू आलं की रडू आलं, तिचं तिलाच कळलं नाही. नाक पुसून ती म्हणाली, “घर नंबर सत्तावीस बाय दोन.” आणि ठोकळे टाकले.

एक उताणा पडला. दुसरा घरंगळत उदबत्तीच्या कुंडापर्यंत गेला, तिथे आपटला आणि पालथा झाला.

मागून कुणीतरी श्वास सोडला. वानफू काका वाकून वाकून बघत होते, न जाणो उलटला तर. बाबांनी हात लांब करून दोन्ही ठोकळे उचलले, सदऱ्याला पुसले आणि तिच्या ओंजळीत ठेवले.

“अजून दोनदा टाकायचेत,” ते म्हणाले. “आणि पत्ता दर वेळी सांगायचा.”